कमलच्या फोनचं दार

जयमाला कुंभोजकरांचा आवाज वृषालीने सोमवारी उतरवला आणि खुंटीला अडकवला. आवाज म्हणजे बोलणं नव्हे. जयमाला मॅडमना जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि त्या तोंडाने बोलतही नसत. पण माणूस चालतो, बसतो, बांगड्या मागे सारतो, श्वास घेतो, त्या सगळ्याचा मिळून एक आवाज असतोच. तो निघाला तेव्हा ओल्या पंच्यासारखा जड लागला. मॅडमनी खुंटीकडे पाहिलं आणि हातांनी विचारलं, "एवढा होता?"

"हो," वृषालीनेही हातांनीच सांगितलं. दोघींचं सगळं बोलणं हातांनीच चाले.

"उगाच वागवला इतकी वर्षं," मॅडम म्हणाल्या, आणि तिरक्या होऊन दारातून आत गेल्या.

ते दार कमलच्या फोनचं होतं.

कंपनी सांगलीत, हरिपूर रस्त्यावरच्या हळदीच्या जुन्या वखारीत होती. भिंतींना अजून हळदीचा वास येई आणि टेबलाचे खण उघडले की बोटं पिवळी होत. वखारीच्या मागे एक लांब बोळ होता आणि बोळात दारं होती. ज्या ज्या जातीच्या फोनवर कंपनीचं ॲप चाले, त्या प्रत्येक जातीचं एक दार. नव्या फोनची दारं मंगल कार्यालयाच्या दारांसारखी रुंद होती, त्यांतून भरली बैलगाडी गेली असती. बोळात पुढे जावं तसतशी ती अरुंद होत. दार उघडलं की पलीकडे, ज्याच्या हातात तो फोन असेल, त्याचं गाव असे. जयमाला मॅडम हातांची भाषा शिकवत. धडा म्हणजे त्यांनी दारातून आत जायचं, शिकवायचं आणि परत यायचं. आधी कंपनीने नुसते व्हिडिओ पाठवून पाहिले होते. ते पोहोचत, पण कुणाला काही येत नसे.

मॅडमना दारात बसवणं हे वृषाली अथणीकरचं काम. फोन कितीही जुना असो, नेटवर्क कितीही लंगडं असो, धडा मध्येच अडकता कामा नये. अडकला तर मॅडम दाराच्या चौकटीत अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर राहत, आणि त्यांना कंबरेत कळ येई. म्हणून दार पाहायचं, माणूस पाहायचं, आणि काय बाहेर ठेवलं म्हणजे माणूस आत जाईल ते ठरवायचं. वृषालीचा हात याबाबतीत विलक्षण होता. आधी ती पुण्याला एका गाण्यांच्या ॲपमध्ये होती. तिथे तिने गायक-गायिकांना दारांतून नेलं होतं. तिथलं काम उलटं. आवाज तेवढा आत सोडायचा आणि चेहरा, कपडे, कधीकधी अख्खा गायक बाहेर बाकावर बसवून ठेवायचा. परत येणाऱ्याला ती त्याचं सगळं जिथल्या तिथे लावून देई. शिवण दिसत नसे.

मॅडम माणसांना हातांची नावं ठेवत. वृषालीचं नाव त्यांनी चिमूट ठेवलं होतं, अंगठा आणि तर्जनी जुळवून. "सगळं चिमटीत मावेल एवढं करतेस ना, म्हणून," त्यांनी सांगितलं होतं. वृषालीला कुठल्याच साहेबाने दिलेली शाबासकी इतकी आवडली नव्हती.

बोळाच्या अगदी टोकाला कमलचं दार होतं. त्याच्या पलीकडे कातळ होता. कोयनेच्या पाण्यापल्याड, कांदाटी खोऱ्यातल्या एका वाडीत कमल जंगम राहत होती. वय तिशीच्या आतबाहेर. तिला ऐकू येत नव्हतं आणि कुणी कधी काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे तिच्याजवळ कुठलीच भाषा नव्हती. मुंबईच्या भावाने आपला जुना फोन पाठवला होता. वाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या कातळावर बसलं की थोडं नेटवर्क मिळे. तशा जातीचा दुसरा चालू फोन कंपनीच्या माहितीत उरला नव्हता.

त्या फोनवर कमल जे शिकली ते पाहून वृषाली थक्क झाली होती. पाणी, आई, गवा, चुलीचा धूर, उद्या. उद्या हा शब्द मिळाला त्या दिवशी कमल कातळावर उभी राहिली होती आणि अंधारेपर्यंत तोच करत होती. पण ती फक्त सांगायला शिकली होती. विचारणं तिला माहीत नव्हतं. जे आपल्याला ठाऊक नाही ते दुसऱ्याजवळ असू शकतं आणि ते मागता येतं, ही कल्पनाच तिच्याजवळ नव्हती.

"हात तेच असतात," मॅडमनी वृषालीला दाखवलं होतं. त्यांनी घास तोंडाकडे नेला आणि बोट वृषालीकडे केलं. "जेवलीस." मग पुन्हा तेच केलं, पण या वेळी भुवया वर नेल्या. "जेवलीस?" आणि हात खाली घेऊन त्या म्हणाल्या, "प्रश्न हा एवढाच असतो. बोटभर जागेत. तो तिला दिल्याशिवाय मी दार बंद करू देणार नाही."

दार बंद होणार होतं. अजित माणगावे, कंपनीचे मालक, स्वतः बोळात आले आणि वृषालीला म्हणाले, "ॲपची नवी आवृत्ती महिनाअखेरीला निघते, ती या फोनवर चालणार नाही. शेवटचं दार बुजवावं लागेल."

"सर, आत माणूस आहे."

"प्रत्येक दाराच्या आत कुणीतरी होतंच, वृषाली." माणगावे हळू आवाजात बोलत. "एक जुनं दार उघडं राहिलं की बाकीच्या दारांना वारा लागतो. परवा परभणीची मुलं धडा बघताना कुडकुडली. त्यांना काय सांगू?"

ते खोटं बोलत नव्हते. वृषालीने तो वारा पाहिला होता. याआधी बुजवलेल्या प्रत्येक दाराची शेवटची वीट माणगावेंनी स्वतःच्या हाताने लावली होती. गवंड्याला लावू दिली नव्हती.

"तिला प्रश्न येईपर्यंत थांबा," वृषाली म्हणाली.

"थांबतो. पण दार आक्रसतंय. ते माझ्या हातात नाही."

रमजान गवंडी बोळाच्या टोकाला घमेलं घेऊन बसला. सिमेंट भिजवू नको, असं त्याला सांगितलं होतं. तो रोज विटा नीट रचून ठेवी आणि त्यांच्यावरच बसून डबा खाई.

आवाज उतरवूनही दार पुरेना, तेव्हा वृषालीने रंग काढायला घेतला. तो सोलून निघाला नाही, खळबळून काढावा लागला. मॅडमच्या इरकलीचा हिरवा आणि काठाचा लाल आधी सुटला, मग कातडीचा गव्हाळ. डोळ्यांचा तपकिरी शेवटपर्यंत चिकटून राहिला. मॅडम राखाडी झाल्या. फोनच्या काचेत त्यांनी स्वतःला न्याहाळलं.

"बरी दिसते की मी. लग्नाच्या फोटोत होते तशी."

परत आल्यावर रंग चढवताना काठाचा थोडा लाल त्यांच्या गालावर राहिला. वृषाली पुसायला गेली तर मॅडमनी हात धरला. दुपारभर त्या तशाच वावरल्या. चहावाला म्हणाला, मॅडमना ऊन लागलंय.

पुढे त्यांच्या भोवतीची जागा काढली. प्रत्येक माणसाभोवती थोडी त्याची जागा असते, मागची भिंत, कोपराजवळचा उजेड, असं काहीबाही. ती निघाल्यावर मॅडम ज्या खुर्चीत बसत ती खुर्ची दिसेनाशी होई. ही जागा परत लावताना वृषालीला पहिल्यांदाच अडचण आली. ती थोडी आटली होती. मॅडम म्हणाल्या, "राहू दे. मला कोण एवढं खेटायला येतंय."

दार दिवसादिवसाला बोटाबोटाने जवळ येत होतं. सकाळी उघडायला जावं तर कालचा बिजागरीचा खिळा आज चौकटीबाहेर आलेला असे. तेव्हा वृषालीने बारकावे काढले. साडीचे धागे, केसांतला वेगळा केस, हातावरच्या रेषा, कपाळावरच्या सुरकुत्या, भुवयांचे केस. मॅडम वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत होऊन आत गेल्या, आणि परत आल्या त्या संतापून.

"काय केलंस तू माझ्या कपाळाचं?"

वृषालीला कळेना.

"मी तिला विचारत होते, पाणी आहे? ती मान डोलावत होती. मी विचारलं, आई घरी आहे? ती मान डोलावत होती. मी जे सांगते ते खरं आहे, असं म्हणत होती ती. माझ्या भुवयाच तिला दिसत नव्हत्या. पीठ थापल्यासारखं कपाळ करून पाठवलंस मला."

वृषाली लाजली. गायकांची कपाळं ती नेहमीच गुळगुळीत करी, त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तिने खुंटीवरून भुवया घेतल्या आणि एकेक केस जागेवर बसवला. भुवयांचं वजन किती असतं हे तिला त्या दिवशी समजलं. त्या परत लावल्या तर बाकी मॅडम दारात मावेनात.

"पाय घे," मॅडम म्हणाल्या. "पायांनी मी कुणाला काही शिकवलेलं नाही."

वृषालीने पाय घेतले. ते तिने खुंटीला लावले नाहीत, टॉवेलात गुंडाळून आपल्या टेबलाखाली ठेवले, आणि मॅडम येईपर्यंत मधून मधून हात लावून पाहिलं. गार पडले नव्हते.

एकदाच तिने क्षणांना हात घातला. माणसाची हालचाल म्हणजे क्षणांची माळ. गाण्यांच्या ॲपमध्ये सगळेच त्यातला एक सोडून एक मणी काढून ठेवत, कुणाला पत्ता लागत नसे. मॅडमचे निम्मे क्षण तिने डब्यात भरले. हात खाली असे आणि मग एकदम वर असे, मधला प्रवास नाही. दार छान सैल झालं. पण कातळावर पोहोचल्यावर मॅडमनी 'थांब' म्हटलं, ते कमलला 'जा' असं पोहोचलं. कमल आज्ञेप्रमाणे उठली, फोन ओच्यात खोवला आणि गुरांकडे गेली. मॅडमही ओच्यातून गेल्या. दुपार टळल्यावर त्या परतल्या, केसांत गवताच्या काड्या आणि अंगाला शेणाचा वास.

वृषाली मान खाली घालून उभी होती.

"तिच्या म्हशी चांगल्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण क्षण राहू देत. उगवतीकडून मावळतीकडे जाताना सूर्य मध्ये कुठे नसेल, तर त्याला दिवस कोण म्हणेल?" काड्या काढता काढता त्या हसत होत्या. वृषालीने तेव्हाच मनाशी म्हटलं की आपण इतक्या लोकांना दारांतून नेलं, पण जाणारा असा एकही पाहिला नाही. गायक रडत. एक तर आपला रेशमी कुडता बाहेर ठेवायला लागला म्हणून परत फिरला होता. या बाईला प्रत्येक वेळी थोडं कमी होऊन यावं लागत होतं आणि तिने एकदाही खुंटी मोजली नव्हती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दार दोन तळव्यांएवढं उरलं. माणगावे आले होते. रमजानने सिमेंट भिजवलं होतं, पण त्यावर ओलं पोतं टाकून ठेवलं होतं. सकाळची उन्हं वखारीच्या कौलांतून बोळात पडली होती.

मॅडमनी दार पाहिलं, मग वृषालीकडे पाहिलं. "हात," त्या म्हणाल्या. "आणि डोळ्यांपासून वर भुवयांपर्यंत. बाकी सगळं घे."

"बाकी सगळं म्हणजे..."

"तूच ठरवतेस ना नेहमी? आज मी सांगते आहे."

वृषालीने काढायला सुरुवात केली. केसांचा घट्ट बुचडा, तोंड, हनुवटी, गळा, खांदे, श्वास, पाठ. प्रत्येक गोष्ट ती अशी उतरवत होती की दुसऱ्या गोष्टीला ओरखडा उठू नये. रमजान पाहत होता. "ताई, हात लय हलका हाय तुमचा," तो म्हणाला. शेवटी दोन हात आणि डोळ्यांची ती पट्टी तेवढी हवेत राहिली, आणि बाकीची जयमाला मॅडम वृषालीच्या कवेत आली. खुंटी समोरच होती. माणगावे तिकडे बोट करू लागले.

"माणूस खुंटीला लावत नाहीत, सर," वृषाली म्हणाली, आणि कवेतलं ओझं तिने छातीशी घेतलं. ते जड होतं आणि ऊबदार होतं.

हात आत गेले, त्यांच्यामागे डोळे. वृषालीने फटीला डोळा लावला.

कमल कातळावर बसली होती. शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी होती. समोर दोन हात आणि एक डोळ्यांची पट्टी उभी राहिली, त्याने ती दचकली नाही. मॅडम रोज जशा येत तशा ती त्यांना घेई.

हातांनी घास वर नेला. जिथे तोंड असायला हवं तिथपर्यंत नेला. "जेवलीस," हात म्हणाले. मग भुवया वर गेल्या. "जेवलीस?"

कमलने हात तसेच केले. तिच्या भुवया जागच्या जागी होत्या.

पुन्हा. "जेवलीस." "जेवलीस?"

पुन्हा कमलने हात केले. भुवया हलल्या नाहीत. असं पुष्कळदा झालं. फट आता एका तळव्याची झाली होती. माणगावेंनी घड्याळ पाहिलं नाही, पण ते मनगट चोळत होते.

मग कमल थांबली. तिने मॅडमच्या हातातला तो घास पाहिला, जो कुठेच जात नव्हता. घास जिथे जायला हवा तिथे काहीच नव्हतं. तिने आपल्या भाकरीकडे पाहिलं. पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आधी बारीक आठी पडली, आणि मग तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या, कुणी न नेता.

"तू जेवलीस?" कमलने विचारलं.

वृषालीच्या कवेतल्या मॅडम हादरायला लागल्या. वृषाली घाबरली, मग तिला कळलं की ते हसू आहे. पाठ, खांदे, पोट, सगळं मिळून हसत होतं.

"काय झालं ताई?" रमजानने विचारलं.

"तिनं विचारलं."

"काय इचारलं?"

"मॅडम जेवल्या का."

रमजानने हातातली वीट खाली ठेवली. "मग?" तो म्हणाला. "जेवल्यात का न्हाई?"

माणगावे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत राहिले.

पलीकडे कमल थांबेना. पाऊस येणार? गवा झोपतो? आई म्हातारी होणार? डोंगरापलीकडे पण डोंगर आहे? तुला दुखतं? मला आधी का नाही सांगितलं? हा शेवटचा तर तिला कुणी शिकवलाच नव्हता, तो तिने जुळवला होता. मॅडमचे हात उत्तरं देत होते, न थांबता, न दमता. वृषालीने आयुष्यात इतके सुंदर हात पाहिले नव्हते. वजन नाही, रंग नाही, सावली नाही, नुसता अर्थ आणि तो वेळेवर पोहोचत होता. एक क्षणही अडकत नव्हता.

पण प्रत्येक उत्तरागणिक चौकट आत येत होती.

"मॅडमना बोलव," माणगावे म्हणाले. "वृषाली, आता बोलव त्यांना. मग यायला जागा उरणार नाही."

मॅडमना हाक कशी मारणार? हातानेच खूण करावी लागणार होती. वृषालीने एक हात मोकळा करून पाहिला, तर कवेतला खांदा घसरला. तिने तो पुन्हा सावरला.

तेवढ्यात पलीकडे कमलने काहीतरी विचारलं, जे वृषालीला फटीतून दिसलं नाही. मॅडमचे हात पहिल्यांदाच थबकले. मग त्यांनी दाराकडे बोट केलं. उत्तर तिथे आहे, तिला विचार.

कमल उठली. कातळावरून चालत फटीपाशी आली. डोक्यावरचा भारा उतरवावा तशी तिने आपली सावली उतरवून दगडावर नीट ठेवली होती. फटीत तिचा एक डोळा आला, त्यावरची भुवई वर गेलेली. मग एक हात फटीतून अलीकडे आला, मनगटापर्यंत, वखारीच्या उन्हात. नखांत माती होती. हात स्वतःकडे वळला, मग वृषालीकडे.

"मी तिकडे येऊ?"

रमजानने पोतं अजून उचललं नव्हतं. फट चार बोटांची होती, मग तीन. वृषालीला उत्तर ठाऊक होतं. ते द्यायला दोन्ही हात लागत होते, आणि तिच्या दोन्ही हातांत जयमाला मॅडम होत्या.